गाळातला नवा जिवाणू : ओळख कशी पटते, नाव कसे ठरते?



रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळविणारे जिवाणू ही नावे आता आपल्याला परकी राहिलेली नाहीत. पेरणीच्या आधी आपण पाकीट फोडतो, काळी भुकटी गुळाच्या पाण्यात कालवतो, बियाण्याला हलक्या हाताने चोळतो आणि बियाणे सावलीत सुकवतो. त्या भुकटीत नेमके कोण आहे हे डोळ्यांना दिसत नाही. आपला सगळा भरवसा पाकिटावर छापलेल्या नावावर असतो. मग हे नाव कोण देते, कशाच्या आधारे देते आणि 'नवा जिवाणू सापडला' असे म्हणतात तेव्हा नेमके काय सिद्ध झालेले असते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

हे समजावून सांगण्यासाठी या लेखात शहरी सांडपाण्याच्या गाळाचे उदाहरण घेतले आहे. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे या गाळातून जिवाणूंच्या नव्या जाती सतत सापडत असतात. दुसरे म्हणजे शहरालगतच्या शेतात हा गाळ खत म्हणून येतो आणि 'नवे, शक्तिमान जिवाणू' अशी जाहिरात केलेल्या बाटल्याही बाजारात मिळतात. नाव सिद्ध झालेले आणि नाव नुसते छापलेले, यांतला फरक ओळखता आला तर पैसा वाचतो आणि जमिनीचे हितही होते.

गाळ म्हणजे जिवाणूंची वस्ती

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९१४ मध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाणी शुद्ध झाल्यावर तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकून दिला नाही. तोच गाळ नव्या सांडपाण्यात मिसळला. असे वारंवार केल्यावर पाणी शुद्ध होण्यास लागणारा वेळ खूप कमी झाला. आदल्या दिवशीचे विरजण ठेवून नवे दही लावावे, तसाच हा प्रकार. सांडपाणी शुद्धीकरणाची ही पद्धत आज जगभर वापरली जाते.

विरजणाचे काम करतात ते गाळातील जिवाणू. काही जिवाणू सेंद्रिय घाण खातात, काही अमोनियमचे नायट्राईट करतात, काही नायट्राईटचे नायट्रेट करतात, तर काही नायट्रेटमधील नत्र पुन्हा हवेत सोडतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत २३ देशांतील २६९ शुद्धीकरण केंद्रांचा गाळ तपासण्यात आला. सर्व ठिकाणी समान धरता येतील असे जिवाणूंचे केवळ २८ गट निघाले. बाकीची गर्दी ठिकाणानुसार बदलणारी, आणि त्यातील बहुतेकांना अजून नावही नाही.

प्रजाती, जाती आणि वाण

नावाचा विचार करण्यापूर्वी तीन शब्द पक्के करून घेऊ. आपल्या कापसाचेच उदाहरण घ्या. गॉसिपियम ही प्रजाती. तिच्यात देशी कापूस म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम ही एक जाती आणि अमेरिकन कापूस म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम ही दुसरी जाती. एका जातीत पुन्हा अनेक वाण. देशी कापसात २६ गुणसूत्रे, तर अमेरिकन कापसात ५२. म्हणून बोंड दोघांना लागत असले तरी दोघांचा सहजासहजी संकर होत नाही.

जिवाणूंचेही असेच आहे. नावाचा पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा, आणि त्यापुढील अक्षरे किंवा अंक वाणाचे. अडचण एवढीच की जिवाणूला पान नाही, फूल नाही, बोंड नाही. आकाराने तो गोल, काडीसारखा किंवा मळसूत्री. हजारो जाती दिसायला सारख्याच. शिवाय जिवाणू दोन तुकडे होऊन वाढतात, त्यामुळे संकर होतो की नाही ही कसोटीही लागू पडत नाही. म्हणून ओळख पटविण्यासाठी पायरीपायरीने जावे लागते.

पहिली पायरी : वेगळा काढणे

गाळाचा थोडा नमुना निर्जंतुक पाण्यात दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करीत नेतात. शेवटच्या पातळ द्रावणाचा थेंब अगार घातलेल्या खाद्यावर काचेच्या बशीत पसरतात. एकेका पेशीपासून एकेक ठिपका वाढतो. त्या ठिपक्यातून पुन्हा नव्या बशीत रेघा ओढतात आणि सर्व ठिपके एकसारखे येईपर्यंत हे चालू ठेवतात. याला शुद्ध संवर्धन म्हणतात. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये घन खाद्यावर जिवाणू वेगळे करण्याची ही वाट दाखवली. बियाणे प्लॉटमधील भेसळ झाडे काढून टाकल्याशिवाय बियाणे शुद्ध होत नाही, तसेच हे समजावे.

यात एक मोठी मर्यादा आहे. गाळातील जिवंत पेशींपैकी साधारण १ ते १५ टक्केच पेशी अशा बशीत वाढतात, असे अंदाज आहेत. बाकीच्यांना आपण दिलेले खाद्य, हवा किंवा एकटेपणा मानवत नाही.

दुसरी पायरी : रूप आणि सवयी

शुद्ध संवर्धन हाती आल्यावर जिवाणूचा आकार, हालचाल, हवेची गरज, कोणती साखर वापरतो, किती तापमानाला व किती सामूला वाढतो, याची नोंद करतात. डेन्मार्कचे हान्स ख्रिस्तियान ग्राम यांनी १८८४ मध्ये शोधलेली रंगपरीक्षा आजही पहिल्याच दिवशी केली जाते. जांभळा रंग धरून ठेवणारे एका गटात, सोडून देणारे दुसऱ्या गटात. पेशीतील स्निग्ध आम्ले आणि पेशीभित्तिकेचे घटकही तपासतात.

नुसत्या रूपावर विसंबले तर काय होते, याचे उदाहरण गाळातच आहे. शुद्धीकरण केंद्रात कधी कधी दोऱ्यासारखे जिवाणू माजतात. मग गाळ फुगतो, तळाशी बसत नाही आणि घाण पाणी तसेच बाहेर जाते. नेदरलँड्सचे आयकेलबूम यांनी १९७५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या दोऱ्यांचे प्रकार पाडले. नावे ठाऊक नसल्याने त्यांनी नुसते क्रमांक दिले. त्यांतील एक प्रकार '०२१ एन'. पुढे यातील जिवाणू वेगळे काढून तपासले गेले आणि १९९९ मध्ये त्यांतील एका जातीला थायोथ्रिक्स आयकेलबूमिआय हे नाव मिळाले. २००२ मध्ये त्याच '०२१ एन' मधून आणखी दोन जाती वेगळ्या निघाल्या. डोळ्यांना जो एक प्रकार वाटत होता, त्यात तीन जाती लपलेल्या होत्या.

तिसरी पायरी : आनुवंशिक लेख वाचणे

प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम नावाचे कारखाने असतात. त्यांचा एक भाग घडविणारे '१६ एस' नावाचे जनुक सर्व जिवाणूंत असते. ते फार सावकाश बदलते. अमेरिकेचे कार्ल वूज यांनी या रायबोसोमच्या तुलनेतून १९७७ मध्ये सूक्ष्मजीवांची नवी वंशावळ मांडली. भाऊबंदांत कोण सख्खे, कोण चुलत हे जसे वंशावळीवरून कळते, तसे या जनुकाच्या सुमारे १,५०० अक्षरांवरून जिवाणूंचे नाते कळते.

नव्या जिवाणूची ही अक्षरे ज्ञात जातींशी जुळवून पाहतात. साम्य ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जाती नवी असण्याचा संभव दाट. त्याहून जास्त साम्य असेल तर मात्र एका जनुकावर निकाल देता येत नाही. अशा वेळी दोन्ही जिवाणूंचे संपूर्ण डीएनए ताडून पाहतात. साम्य ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली आले तर जाती वेगळी मानतात. हे आकडे म्हणजे शास्त्रज्ञांनी अनुभवाने आखलेला बांध आहे. म्हणून वरच्या दोन्ही पायऱ्यांचा पुरावा सोबत लागतोच.

चौथी पायरी : नाव आणि नोंद

कृषी विद्यापीठ एखादा वाण प्रसारित करते, त्याआधी तो तुलनेच्या वाणाशेजारी लावून अनेक ठिकाणी तपासला जातो. जिवाणूच्या बाबतीतही नव्या जातीला तिच्या जवळच्या ज्ञात जातींशेजारी, त्याच खाद्यावर व त्याच तापमानाला वाढवून फरक दाखवावा लागतो.

नंतर जिवाणूंच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे लॅटिन धर्तीचे नाव ठरते. वर्णन मान्य नियतकालिकात प्रसिद्ध करावे लागते. शिवाय त्या जातीचा नमुना वाण किमान दोन वेगवेगळ्या देशांतील संवर्धन संग्रहालयांत ठेवावा लागतो. म्हणजे जगातील कोणीही तो मागवून खात्री करून घेऊ शकतो. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात असे मोठे संग्रह आहेत. चंडीगढ येथेही असा संग्रह आहे. नाव म्हणजे नुसती उपाधी नव्हे. मागाल तेव्हा दाखवता येईल असा नमुना तिच्यामागे असला पाहिजे.

डेल्फ्टच्या गाळाची हकीकत

या सर्व पायऱ्यांचा कस लावणारी एक हकीकत नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे घडली. तेथील गिस्ट-ब्रोकेड्स या यीस्ट कारखान्याच्या सांडपाणी संयंत्रात हवा नसतानाही अमोनियम नाहीसे होत असल्याचे आढळले. अमोनियम बदलायचे तर प्राणवायू लागतो, हे तोवरचे ज्ञान. ऑस्ट्रियाचे एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ मध्येच हिशेब मांडून सांगितले होते की प्राणवायूशिवाय अमोनियमवर जगणारा जिवाणू निसर्गात असला पाहिजे. पण तो कोणी पाहिला नव्हता. डेल्फ्टचे हे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पहिला प्रश्न होता की हे काम जिवाणूचे की नुसत्या रसायनांचे? गाळ उच्च तापमानाला तापवून किंवा किरणांनी निर्जंतुक करून पाहिला, तेव्हा अमोनियम नाहीसे होणे थांबले. म्हणजे काम जिवंत पेशींचेच. पण बशीत तो जिवाणू काही केल्या वाढेना. त्याची संख्या दुप्पट व्हायलाच सुमारे ११ दिवस लागत. अनुकूल स्थितीत काही जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, हे लक्षात घेतले म्हणजे अडचण कळेल.

तेव्हा शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. गाळ न वाहून जाईल अशा टाकीत त्या जिवाणूला अमोनियम व नायट्राईट देऊन त्याची वस्ती दाट केली. मग धान्य वजनावर पाखडावे तशा पेशी वेगाने फिरवून घनतेनुसार वेगळ्या केल्या. शेवटी २०० ते ८०० पेशींमागे एखादीच परकी पेशी उरली. या पेशींनी अमोनियम आणि नायट्राईट एकत्र करून नत्रवायू तयार केला. त्यांचे '१६ एस' जनुक वाचले, तेव्हा नाते प्लँक्टोमायसीट नावाच्या वेगळ्याच कुळाशी जुळले.

१९९९ मध्ये त्याला ब्रोकेडिया ॲनामॉक्सिडन्स असे नाव सुचवले गेले. कारखान्याच्या नावावरून ब्रोकेडिया आणि कामावरून ॲनामॉक्सिडन्स. परंतु शुद्ध संवर्धन हाती नव्हते. त्यामुळे संग्रहालयात ठेवण्यास नमुना वाणही नव्हता. म्हणून नावाआधी 'कँडिडेटस' म्हणजे उमेदवार हा शब्द लावण्यात आला. आजही हे नाव त्या शब्दासह लिहिले जाते. काम सिद्ध, नाते सिद्ध, पण एक कसोटी बाकी, म्हणून उमेदवार. शास्त्राचा हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ओळख पटल्याचा उपयोगही झाला. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २००२ मध्ये या जिवाणूंवर चालणारे पहिले मोठे संयंत्र उभे राहिले. जिवाणू सावकाश वाढणारा असल्याने ते पूर्ण कामाला लागण्यास सुमारे साडेतीन वर्षे लागली. पण अशा संयंत्रात हवा पंप करण्याचा खर्च पुष्कळ वाचतो.

आपल्या शेताशी याचा संबंध काय?

१) भातशेतीतील नत्र. हेच काम करणारे जिवाणू पुढे भातखाचरांच्या मातीतही आढळले. चिखलणी केलेल्या खाचरात वरचा पातळ थर तेवढा प्राणवायू असलेला आणि खालचा थर प्राणवायू नसलेला असतो. युरिया वर फोकला तर वरच्या थरात अमोनियमचे नायट्राईट व नायट्रेट होते. ते खाली झिरपले की नत्र हवेत जातो. गाळातल्या या जिवाणूमुळे या गळतीची आणखी एक वाट कळली. चारसूत्री भात लागवडीत चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंमी खोल खताची गोळी खोचण्यास सांगतात. खालच्या थरात प्राणवायू नसल्याने अमोनियमचे नायट्राईट होत नाही, आणि नायट्राईट नसेल तर ही गळतीही होत नाही.

२) रायझोबियमचे गट. पूर्वी कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणारे सर्व जिवाणू रायझोबियम याच नावाखाली होते. १९८२ मध्ये सावकाश वाढणारे, सोयाबीनवर गाठी करणारे जिवाणू ब्रॅडीरायझोबियम या वेगळ्या प्रजातीत गेले. हरभऱ्याचा जिवाणू १९९७ पासून मेझोरायझोबियम या प्रजातीत आहे. म्हणून सोयाबीनचे उरलेले पाकीट रब्बीत हरभऱ्याला चोळले तर गाठी येत नाहीत. पाकिटावर जुन्या सवयीने रायझोबियम लिहिलेले असले तरी पिकाचे नाव पाहूनच ते घ्यावे.

३) मित्र आणि शत्रू एकाच घरात. कांद्याची सड करणाऱ्या एका जिवाणूचे वर्णन अमेरिकेत बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये केले. तो आज बर्कहोल्डेरिया सिपेशिया या नावाने ओळखला जातो. पुढे याच नावाखालील काही वाण पिकांच्या बुरशीरोगांवर उपयोगी ठरले, तर काहींनी फुफ्फुसाच्या रुग्णांना गंभीर संसर्ग केला. १९९७ मध्ये कळले की या एका नावाखाली अनेक जाती एकत्र मोडत होत्या. याच कुळातील एक जाती भाताच्या मुळांजवळ नत्र स्थिर करते. घराणे एकच, पण कोणी मदत करणारा, कोणी सडवणारा, कोणी माणसाला आजारी पाडणारा. म्हणून 'अमुक प्रजातीचा जिवाणू आहे' एवढे सांगणे पुरेसे नाही. जाती आणि वाणही सांगितला पाहिजे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) जिवाणू खत घेताना जिवाणूचे नाव, पिकाचे नाव, उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख व बॅच क्रमांक पाहावा. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू यांचा २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशात समावेश झाला. त्यानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात.

२) 'नवा जिवाणू' म्हणून काही विकायला आले तर विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. जिवाणूची प्रजाती व जाती कोणती? वाणाचा क्रमांक काय आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे? कोणत्या पिकावर, कोणत्या संशोधन केंद्रात चाचणी झाली? जिवंत पेशींची संख्या किती? उत्तरे मिळाली नाहीत तर खरेदी करू नये. नव्या जातीचा शोध लागणे आणि ती पिकाला उपयोगी ठरणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

३) शुद्धीकरण केंद्राचा कच्चा गाळ भाजीपाल्याला, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, गाजर, मुळा, काकडी यांना वापरू नये. त्यात रोगजंतू व जंतांची अंडी असू शकतात. गाळ काडीकचऱ्यासोबत नीट कुजवूनच वापरावा. ढीग आतून चांगला तापला पाहिजे.

४) कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या सांडपाण्याच्या गाळात कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल असे जड धातू असू शकतात. हे धातू कुजून नष्ट होत नाहीत, जमिनीत साठत जातात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टच्या एका किलोत कॅडमियम ५ मिलिग्रॅम व शिसे १०० मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त नसावे. गाळ आणण्यापूर्वी तपासणीचा अहवाल मागावा.

५) गाळ किंवा जिवाणू खत हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. हाताला जखम असल्यास हातमोजे घालावेत.

६) जिवाणू खताचे पाकीट थंड जागी, उन्हापासून दूर ठेवावे. रासायनिक बुरशीनाशकाची प्रक्रिया करायची असल्यास ती आधी करावी. बियाणे सुकल्यावर शेवटी जिवाणू खत लावावे. साधारणपणे १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम जिवाणू खत पुरते.

बियाणे घेताना आपण वाणाचे नाव, प्रमाणपत्र आणि उगवणशक्तीचा टॅग पाहून घेतो. जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत ही चौकशी अधिक काटेकोर हवी. शंका असल्यास पाकीट फोडण्यापूर्वी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात ते दाखवून सल्ला घ्यावा.